इतिहासाची वही

माझी नात दहावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि अकरावीस कला शाखेत नाव घालून इतिहास हा विषय घेण्याचा आपला निश्चय तिने घरात जाहीर केला. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात जे वातावरण होते त्याचे वर्णन सुतकाच्या भाषेतच करावे लागेल. तिच्या पित्याने जेवताना बोलणे सोडले. कॉलेज रोडवरील निरनिराळ्या क्लासांची माहितीपत्रके तिच्या आईने आदल्या दिवाळीपासून जमवून ठेवली होती. ती तिने मुकाट्याने रद्दीत टाकली, परंतु टाकताना कपाटाचे दार जरा जोराने लावले. ‘इतिहास घेऊन पुढे करायचे काय?’ हा प्रश्न शेजारच्या बिऱ्हाडातूनही दोनदा विचारून झाला. अखेरीस सर्वांनी मजकडे पाहिले. मी वयाने वडील, त्यात तिचा लाडका. मी चार शब्द सांगितले तर ती ऐकेल, अशी सर्वांची अटकळ होती. मी ते चार शब्द सांगितले नाहीत. घरातल्यांनी ह्याचा अर्थ असा घेतला, की म्हाताऱ्याला स्वतःला शाळेत इतिहासाची गोडी होती, म्हणून तो नातीला फूस देत आहे. ते अगदीच खोटे नव्हते. परंतु इतिहास ह्या विषयाशी माझे जुने देणे होते, आणि त्याची घरात कोणालाच कल्पना नव्हती.

मी शालान्त परीक्षेस बसलो तो १९६७ साली. त्या वेळी शालान्त वर्ग म्हणजे अकरावी. दहावीचा तो मान पुढे १९७५ साली तिला मिळाला. आमच्या शाळेत इतिहास म्हणजे सनावळी. सनावळी ज्याला पाठ तो हुशार, आणि ज्याला ती पाठ होत नाही त्याने ‘टिपा लिहा’ व ‘कारणे द्या’ ह्यांच्या आधारे तरून जावे, अशी साधारण व्यवस्था होती. मला सनावळी चटकन पाठ होई. पानिपतचा तिसरा संग्राम, वसईचा तह, खडकीची लढाई, ही सारी माझ्या डोक्यात किराणा दुकानातल्या डब्यांसारखी ओळीने मांडलेली असत. मागाल तो डबा काढून देत असे. डब्यात काय आहे हे पाहण्याची मला फारशी इच्छा नव्हती, व परीक्षकांनाही ती नसावी.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र आम्हांस निराळ्या जातीचे एक मास्तर लाभले. अंगाने किरकोळ, आवाज बसका, कोट सदैव एकच. पण राजवाड्यांचे नाव घेताना ते खुर्चीवरून उठून उभे राहत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि राजवाड्यांनी तिचे २२ खंड काढले, हे ते आम्हांस सनावळीतील सन म्हणून सांगत नसत. गावोगावच्या माळ्यांवर चढून, उंदरांच्या तोंडची कागदपत्रे एका माणसाने कशी सोडविली, हे ते इतक्या रसाने सांगत, की आमच्यापैकी कित्येकांनी घरी जाऊन आपापले माळे उपसले. माझ्या हाती एक फुटका दिवा व माझ्याच पणजीच्या औषधाची बाटली लागली.

एका रविवारी ह्या मास्तरांनी आम्हां पंधरावीस मुलांस सायकलींवरून पांडवलेण्यास नेले. नाशिकच्या मुलाला पांडवलेणी म्हणजे श्रावणात जाऊन भेळ खाण्याची जागा. पांडवांचा त्यांशी काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंची लेणी, डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी, एवढे आम्हांला ठाऊक होते. दहाव्या लेण्याच्या ओसरीत मास्तरांनी आम्हांला बसविले, खिशातून एक कागद काढला आणि म्हणाले, ‘आज गणिताचा तास आहे.’

क्षत्रप नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याने त्या ओसरीच्या भिंतीवर आपले दान कोरवून ठेवले आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. उरलेले १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावे, असा तो लेख आहे. ‘करा हिशेब,’ मास्तर म्हणाले. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे तेही दोनशे चाळीस. हिशेब पैपर्यंत जुळला! मला आजही आठवते, की त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. शतके उलटली, राजे गेले, श्रेणी गेल्या, कार्षापण गेले; परंतु आमच्याच गंगापूरजवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांचे व्याज अकरावीच्या मुलांनी पडताळून पाहावे आणि ते बरोबर निघावे! डबा प्रथमच उघडला होता.

मग आम्ही तिसऱ्या लेण्यात गेलो. तेथे गौतमी बलश्री ह्या राजमातेचा प्रसिद्ध लेख आहे. तो तिचा नातू पुळुमावी ह्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला आहे. म्हणजे ज्याची स्तुती तीत आहे तो तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी त्या वेळी हयात नव्हता. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले होते. शक, यवन, पल्हव ह्यांचा त्याने नाश केला होता. आईच्या आज्ञेबाहेर तो कधी गेला नव्हता. मास्तर वाचीत होते आणि आम्ही अभिमानाने फुगत होतो. वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘ही साक्ष खोटी नाही. परंतु ती आईची आहे, हे विसरू नका. आईला विचारले, की तिचा मुलगा शूरच असतो. म्हणून दुसरा साक्षीदार शोधावा लागतो.’ तो दुसरा साक्षीदार नाशिकजवळच जोगळटेंभीला १९०६ साली सापडला. एका ठेव्यात नहपानाची १३,००० वर चांदीची नाणी निघाली, आणि त्यांपैकी ९,००० वर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली छाप पुन्हा मारलेली होती. जिंकल्यावाचून कोणी दुसऱ्याच्या नाण्यावर आपला शिक्का मारीत नाही. आईची साक्ष नाण्यांनी उचलून धरली.

परत आल्यावर मास्तरांनी एक काम नेमून दिले. घरातील सर्वांत वडील माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, नाशिकच्या इतिहासातील एक प्रसंग विचारून वहीत लिहून आणावयाचा. ऐकीव चालणार नाही.

आमच्या घरी तेव्हा माझे आजोबा, ज्यांना सारे तात्या म्हणत, बहात्तर वर्षांचे होते. दिवाणी कचेरीत कारकून म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती, आणि १९३० साली आमचे बिऱ्हाड पंचवटीत, काळाराम मंदिरालगतच्या एका गल्लीत होते. त्या वर्षी तेथे काय घडले ते नाशिककरास सांगावयास नको. तरीही सांगतो, कारण सांगावयास नको म्हणून जे सांगायचे राहते ते पुढे नाहीसेच होते. पेशवाईतील सरदार रंगराव ओढेकर ह्यांनी बांधविलेल्या त्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या हिंदूंस प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून डॉ. आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली, व भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड ह्यांच्या खटपटीने, २ मार्च १९३० रोजी हजारो माणसांची मिरवणूक मंदिरापाशी आली. चारी दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, आणि दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांपुढे सत्याग्रही बसले. गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले ते १२ मार्चला. म्हणजे नाशिकचा सत्याग्रह त्यांच्या दहा दिवस आधीचा. त्या चैत्रात रामरथ ओढण्याच्या प्रसंगी दगडफेक झाली. सत्याग्रह अधूनमधून काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जवळच्याच येवल्यास डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली.

रात्री तात्या ओसरीवर बसले असता मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. ‘तात्या, तुम्ही तो सत्याग्रह पाहिलात ना?’

ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, ‘मिरवणूक आपल्या गल्लीवरून गेली. मी माडीच्या खिडकीत उभा होतो. तीत आमच्या कचेरीतला एक जण होता. बारा वर्षे तो माझी दप्तरे उचलीत आला होता. त्याने वर पाहिले.’

‘मग?’

‘मग मी खिडकी लावून घेतली.’

मी आणखी काही येईल म्हणून थांबलो. तात्या म्हणाले, ‘झाले. एवढेच पाहिले मी. लिही,’ आणि अडकित्ता मिटून आत गेले.

आज मला वाटते, की त्या रात्री एका वृद्ध माणसाने, कोणाही पुढे न काढलेली गोष्ट, मास्तरांनी मागितली होती अगदी तशी, डोळ्यांनी पाहिली तेवढीच, आपल्या नातवास दिली होती. तेव्हा मला ते काहीच वाटले नाही. तेवढ्यावर अर्धे पानसुद्धा भरत नव्हते, आणि जे भरत होते ते वर्गात वाचून दाखविण्यासारखे नव्हते. वर्ष १९६७, आमच्यासारख्या घरांतील मुलांस तोपर्यंत एवढे कळू लागले होते, की ह्या प्रकरणात आपले आजोबा कोणत्या बाजूस असणे शोभते. मी लिहिले, की माझ्या आजोबांनी माडीच्या खिडकीतून मंदिराच्या दरवाजापुढे उन्हात बसलेले सत्याग्रही पाहिले, त्यांचे डोळे पाणावले, आणि लोकनिंदेची पर्वा न करता खाली जाऊन त्यांनी एका तहानलेल्या वृद्ध सत्याग्रहीस आपल्या हाताने पाणी दिले. पाण्याचा तांब्या पितळेचा होता, हेही लिहिले. खोटे लिहिताना तपशील फार सुचतात.

मास्तरांनी माझी वही वर्गापुढे वाचून दाखविली. वाचताना त्यांचा बसका आवाज आणखी बसला. खाली त्यांनी तांबड्या शाईने ‘फार सुंदर’ असे लिहिले. ज्यांनी आम्हांला दुसरा साक्षीदार शोधावयास शिकविले, त्यांनाही माझ्या बाबतीत तो शोधावासा वाटला नाही. ह्यात त्यांचा दोष मी मानीत नाही. चांगली गोष्ट खरी असावी, असे कोणाही भल्या माणसास वाटते.

तास संपल्यावर मागील बाकावरचा एक मुलगा माझ्याकडे आला. तो फारसा कोणाशी बोलत नसे. त्याची वही मास्तरांनी वाचली नव्हती. तीत दोनच ओळी होत्या, असे मला मागून कळले. तो म्हणाला, ‘माझे आजोबा त्या दरवाजाशी बसले होते. आता ते नाहीत. तुझ्या आजोबांनी पाणी कोणाला दिले, ते विचारशील का? नाव आठवते का, तेवढेच.’

मी म्हणालो, ‘विचारतो.’

त्यानंतर परीक्षेपर्यंत तीन महिने आम्ही एका वर्गात होतो. त्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी, ‘तात्यांची प्रकृती बरी नाही,’ असे सांगितले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही.

मला इतिहासात वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. पुढे मी वाणिज्य शाखेकडे गेलो, बँकेत नोकरी केली, व दुसऱ्यांची व्याजे पडताळीत निवृत्त झालो. उषवदाताचा हिशेब मी हाताखालच्या कित्येक तरुणांना सांगितला. तात्यांचा कोणालाच सांगितला नाही.

असो. नातीचा इतिहास माझ्या इतिहासाहून निराळा निघाला, हे मला तिच्या दहावीच्या पुस्तकावरूनच कळले होते. त्यात सनावळीऐवजी इतिहास लिहितात कसा, ह्याचेच प्रकरण आरंभी होते. रांके नावाच्या जर्मन पंडिताने मूळ कागदपत्रांचा आग्रह कसा धरला, हे पंधरा वर्षांच्या पोरी पाठ करीत होत्या. अर्थात तेही पाठच करीत होत्या; आमच्या देशात पाठांतराला कोणताही विषय वर्ज्य नाही. परंतु काही पोरी पाठ करता करता विचार करू लागतात, आणि माझी नात दुर्दैवाने त्यांतली होती. अकरावीत असताना आम्ही दोघे पांडवलेण्यास गेलो. मी तिला बलश्रीचा लेख दाखवून मास्तरांचे शब्द ऐकविले. तिने लेखाचे भाषांतर आपल्या दूरध्वनीयंत्रावर उघडले, वाचले आणि विचारले, ‘आबा, ह्यात पुढे असेही आहे, की त्याने चार वर्णांचा संकर थांबविला. तेही आई कौतुकानेच सांगते आहे. तुमच्या मास्तरांनी हे सांगितले नव्हते?’ सांगितले असेल. माझ्या कानांनी ते घेतले नव्हते एवढे खरे. विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे फाशी गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि ज्याला त्याने मारले तो जॅक्सन संस्कृताचा व्यासंगी होता, ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यात कशा लिहाव्या, हाही तिने विचारलेलाच प्रश्न. मला त्याचे उत्तर देता आले नाही.

बारावीस इतिहासाचे ८० गुण लेखी परीक्षेचे व २० गुण प्रकल्प इत्यादींचे असतात. तिने प्रकल्पास काळाराम मंदिराचा सत्याग्रह निवडला. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली, आणि तीत ती वही निघाली. मी दुपारी झोपून उठलो तो नात वही मांडीवर घेऊन बसलेली, चेहरा उजळलेला. ‘आबा, हे तर प्रत्यक्ष साधन आहे! तुम्ही कधी सांगितले नाहीत!’

मी काहीतरी पुटपुटलो. तिच्या आईने तात्यांची गोष्ट वाचली व डोळे पुसले. तिच्या पित्याने, कला शाखेचा विषय निघाल्यापासून प्रथमच, ‘वा!’ असे म्हटले. घरात अचानक इतिहासाला प्रतिष्ठा आली. त्या क्षणी खरे सांगणे १९६७ सालापेक्षाही कठीण होते.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. हातात पंचवटीच्या जुन्या घराच्या खरेदीखताची प्रत होती. ते घर आम्ही पूर्वीच विकले व तेथे आता चार मजली इमारत उभी आहे. परंतु दप्तरात कागद राहिला होता. ‘आबा, ह्यात चतुःसीमा दिली आहे,’ ती म्हणाली. ‘पूर्वेस गल्ली. पश्चिमेस दुसऱ्याचे घर, सामाईक भिंतीसह. दक्षिणोत्तरही घरेच. म्हणजे माडीची खिडकी गल्लीकडे, पूर्वेसच असणार. मंदिर पश्चिमेस आहे. मग खिडकीतून दरवाजापुढचे लोक दिसले कसे?’

तिच्या स्वरात संशय नव्हता. हिशेब जुळत नाही एवढेच ती दाखवीत होती. दोनशे चाळीसच्या जागी दोनशे तीस आले, तर विचारावे तसे.

मी तिला दार लावून घ्यावयास सांगितले आणि सर्व सांगितले: तात्यांची सुपारी, वर पाहणारा तो माणूस, लावून घेतलेली खिडकी, माझा पितळेचा तांब्या. मागील बाकावरच्या मुलाचेही सांगितले. ती मध्ये एकदाही बोलली नाही. संपल्यावर तिने विचारले, ‘तात्यांनी एवढेच शब्द सांगितले होते? नक्की?’ मी म्हणालो, नक्की. तिने ते लिहून घेतले, मला वाचून दाखविले, दोन ठिकाणी दुरुस्त करविले, खाली तारीख घातली व माझी सही मागितली.

सही करताना मी म्हणालो, ‘आता ती जुनी वही फाडून टाक.’

‘ती कशी फाडू? मी दोन्ही जोडणार आहे,’ ती म्हणाली. ‘तात्यांनी १९३० साली काय केले ते एका कागदावर आहे. १९६७ साली तुम्हांला काय लिहावेसे वाटले ते दुसऱ्यावर आहे. दोन्ही साधने आहेत, आबा.’

तिच्या पित्यास मी त्याच रात्री सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि पुष्कळ वेळाने, ‘प्रकल्पात आपले आडनाव घालणे जरूर आहे का?’ एवढेच विचारले. नातीने ते घातले.

प्रकल्प देऊन झाल्यावर एके संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. लेखी परीक्षा महिन्यावर होती. हातात अपेक्षित प्रश्नसंच होता, परंतु तो मिटलेला. ‘तो मुलगा,’ ती म्हणाली, ‘म्हणजे ते गृहस्थ, आता तुमच्याच वयाचे असतील. त्यांचे नाव तुम्हांला आठवते का?’

नाव मला पक्के आठवते. हजेरीत ते माझ्यानंतर चौथे येई. ते मी तिला एका चिठ्ठीवर लिहून दिले. येथे लिहीत नाही.